संदेश हजारांना, निरोप एकेकाला



गावकारभारात माहिती पोहोचविण्याचे दोन जुने प्रकार महाराष्ट्राला चांगले परिचित आहेत. पहिला दवंडीचा. चावडीपासून वेशीपर्यंत डफ वाजवीत जाणारा माणूस एकच मजकूर साऱ्या गावाला ऐकवीत असे. तो कोणी ऐकला आणि शेतावर गेल्यामुळे कोणी ऐकला नाही, याचा हिशेब ठेवण्याचे त्याला कारण नसे. दुसरा प्रकार निरोपाचा. निरोप ठरावीक माणसाला, त्याच्याच कामाविषयी, त्याच्या दारात जाऊन सांगितला जाई. आणि निरोप्या परत फिरताना उलट निरोप घेऊन येई. दवंडीने गाव सावध होते, निरोपाने काम पार पडते. दोन्हींची गरज होती व आजही आहे; मात्र एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही.

आज कार्यालयाच्या, शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या टेबलावरील साध्या संगणकावरून काही मिनिटांत हजारो भ्रमणध्वनींवर लघुसंदेश पाठविता येतात. वीजबिल, पाणीपट्टी, बाळाची लस, पालकसभा, हवामानाचा अंदाज अशा अनेक बाबी या मार्गाने लोकांपर्यंत जातात. प्रत्येक संदेशात त्या त्या व्यक्तीचे नाव, रक्कम किंवा दिनांक घालण्याची सोयही संगणकात आहे. म्हणजे हे साधन दवंडीचे काम करू शकते आणि निरोपाचेही. ते कोणत्या रीतीने वापरले जाते, हे यंत्र ठरवीत नाही. यंत्रापुढे बसलेला कर्मचारी, त्याच्या हातातील यादी आणि आलेले उत्तर वाचण्याची कार्यालयाची तयारी यांवर ते ठरते. या भाषणाचा विषय तोच आहे.

पहिला संदेश संगणकावरूनच

लघुसंदेश ही भ्रमणध्वनीवरून भ्रमणध्वनीवर करावयाची गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास थोडा वेगळा आहे. जगातील पहिला लघुसंदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने पाठविला, तो संगणकावरून. रिचर्ड जार्व्हिस यांच्या भ्रमणध्वनीवर पोहोचलेल्या त्या संदेशात नाताळच्या शुभेच्छांचे केवळ दोन शब्द होते. त्या भ्रमणध्वनीवर अक्षरे टंकित करण्याची सोयच नव्हती. त्यामुळे पहिल्या लघुसंदेशाला लघुसंदेशाने उत्तर जाऊ शकले नाही. उलट निरोपावाचून सुरू झालेल्या या साधनाने पुढे उत्तराची सोय मिळविली. ती वापरण्याची सवय मात्र अनेक कार्यालयांना अद्याप लागावयाची आहे.

संदेशाची लांबी कशी ठरली, हेही जाणून घेण्यासारखे आहे. १९८५ मध्ये पश्चिम जर्मनीतील बॉन येथे फ्रीडहेल्म हिलेब्रांट या तज्ज्ञाने टंकलेखन यंत्रावर निरनिराळी वाक्ये लिहून त्यांतील अक्षरे मोजली. नित्य व्यवहारातील बहुतेक मजकूर १६० चिन्हांत बसतो, असे त्याला दिसून आले. लोक पोस्टकार्डावर जे लिहितात ते बहुधा १५० चिन्हांच्या आतच असते, ही गोष्टही या निष्कर्षाला आधार देणारी ठरली. आखूड, नेमका आणि एका माणसाला उद्देशून लिहिलेला मजकूर हा अशा रीतीने लघुसंदेशाच्या मापातच गृहीत धरलेला आहे.

यंत्रणा कशी चालते

संगणकावरून घाऊक संदेश पाठविण्याचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात सिमकार्ड असलेला भ्रमणध्वनी किंवा मोडेम तारेने संगणकाला जोडतात. संगणक यादीतील एकेक क्रमांक घेतो व त्या सिमकार्डाद्वारे एकामागून एक संदेश सोडतो. एका संदेशाला काही सेकंद लागतात. त्यामुळे शेदोनशे माणसांपर्यंत हा मार्ग उपयोगी पडतो. त्याला इंटरनेटची गरज नसते, हा त्याचा मोठा गुण होय. दुसऱ्या मार्गात संगणक इंटरनेटवरून दूरसंचार कंपनीच्या संदेशद्वाराशी जोडला जातो आणि संपूर्ण यादी एकाच वेळी तिकडे सोपविली जाते. हजारो संदेशांसाठी हाच मार्ग वापरतात.

दोन्ही मार्गांनी निघालेला संदेश प्रथम दूरसंचार कंपनीच्या संदेश केंद्रात येतो. ज्याला तो पाठवावयाचा त्याचा भ्रमणध्वनी बंद असेल किंवा पट्ट्याबाहेर असेल, तर केंद्र संदेश राखून ठेवते व ठरावीक मुदतीपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. मुदत संपली की संदेश रद्द होतो. पोहोचला तर त्याची पोच संगणकाकडे येते. या पोचेचा अर्थ काटेकोरपणे ध्यानात ठेवावयास हवा. ती एवढेच सांगते की, संदेश यंत्रापर्यंत गेला. तो माणसाने वाचला, समजला आणि त्यावर काही केले, यांपैकी कशाचीही ग्वाही तीत नसते. टपाल पेटीत पडले म्हणजे पत्राचे काम झाले, असे कोणताही अनुभवी टपालवाला म्हणणार नाही.

संदेश वैयक्तिक करण्याची रीत सोपी आहे. तक्त्याच्या पहिल्या रकान्यात क्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात रक्कम किंवा दिनांक अशी माहिती भरतात. संदेशाचा साचा एकदाच लिहून त्यात नाव व रक्कम यांच्या जागा रिकाम्या ठेवतात. संगणक प्रत्येक ओळीतील माहिती त्या जागी भरून ओळीगणिक स्वतंत्र संदेश तयार करतो. छापील नोटिशीतील मोकळ्या जागा शाईने भरण्याचे जे काम कारकून वर्षानुवर्षे करीत आले, तेच हे काम.

सत्तर चिन्हांचा हिशेब

मराठीतून संदेश लिहिणाऱ्यांनी एक हिशेब पाठ करून ठेवावा. एका लघुसंदेशात १,१२० बिटे मावतात. रोमन लिपीतील चिन्हाला ७ बिटे लागतात, म्हणून १६० चिन्हे बसतात. देवनागरी मजकुरातील प्रत्येक चिन्हाला सामान्यतः १६ बिटे लागतात, म्हणून ७० चिन्हेच बसतात. त्याहून मोठा मजकूर तुकड्यांनी जातो. तुकडे जोडण्याच्या खुणेसाठी काही जागा खर्ची पडत असल्याने प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे राहतात, आणि प्रत्येक तुकड्याचा खर्च वेगळा धरला जातो. रोमन मजकुरात एकच देवनागरी अक्षर आले तरी सगळा संदेश ७० च्या हिशेबात जातो.

येथे चिन्ह म्हणजे डोळ्यांना दिसणारे अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार व जोडाक्षरातील हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. 'ग्रामपंचायत' हा शब्द वाचणाऱ्याला ६ अक्षरांचा दिसतो. संगणक त्याची ११ चिन्हे मोजतो. 'क्षेत्र' या दोन अक्षरांची ७ चिन्हे होतात.

ही मर्यादा पाहून काही कार्यालये मराठी मजकूर रोमन लिपीत लिहितात. खर्च वाचतो, परंतु जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकलेल्या गृहिणीला किंवा वयस्क शेतकऱ्याला तो मजकूर अडखळत वाचावा लागतो, आणि अडखळत वाचलेला दिनांक चुकण्याचा संभव असतो. यावर खरा उपाय लिपी बदलण्याचा नाही, वाक्य बदलण्याचा आहे. कार्यालयीन वळणाने लिहिलेला हा मजकूर पाहावा : 'तमाम लाभार्थ्यांना कळविण्यात येते की, लसीकरण सत्राचे आयोजन करण्यात आलेले...' येथवर येईतो ७० चिन्हांची मर्यादा ओलांडलेली असते. आणि दिवस, वेळ, जागा यांपैकी एकही गोष्ट सांगून झालेली नसते. आता हा मजकूर पाहावा : 'ताई, बाळाची लस मंगळवारी सकाळी १० वाजता अंगणवाडीत.' ही ४९ चिन्हे झाली. प्रारंभी मातेचे नाव घालण्यास २१ चिन्हांची जागा उरली. काय, केव्हा, कोठे आणि कोणासाठी, या चारही प्रश्नांची उत्तरे एका संदेशात बसली. मराठी भाषा आखूड बोलण्यास पुरेशी समर्थ आहे. लांबी येते ती परिपत्रकाच्या सवयीमुळे.

यादी हाच पाया

घाऊक वैयक्तिक संदेशातील बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत, त्या यादीत होतात. त्यांतील सर्वांत घातक चूक दिसण्यास अगदी क्षुल्लक असते. तक्त्यातील नावे अकारविल्हे लावताना केवळ नावांचाच रकाना निवडला गेला, तर नावे हलतात आणि क्रमांक जागच्या जागी राहतात. मग एकाची थकबाकी दुसऱ्याला कळते, एका विद्यार्थ्याचे गुण दुसऱ्याच्या घरी जातात. दवंडीत चूक झाली तर ती साऱ्या गावाच्या ध्यानात येते व दुरुस्त होते. वैयक्तिक संदेशातील चूक एकेका घरात गुपचूप शिरते, आणि ती बाहेर येण्यापूर्वी भांडण होऊन बसते.

दुसरी अडचण क्रमांकांची. क्रमांकामागे देशाचा अंक ९१ लावला की तो १२ अंकी होतो, आणि एवढी मोठी संख्या संगणकाचा तक्ता कधी कधी दशांशाच्या संक्षिप्त रूपात दाखवितो. तशीच फाइल जतन केली तर शेवटचे अंक कायमचे गमावण्याचा धोका असतो. क्रमांकाचा रकाना आधीपासूनच मजकुराचा म्हणून ठरविल्यास हा धोका टळतो. तिसरी अडचण काळाची. बंद झालेला क्रमांक किमान ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. दोन वर्षांपूर्वीच्या यादीवरून पाठविलेला आरोग्यविषयक संदेश म्हणूनच पूर्णपणे अनोळखी माणसाच्या हाती पडू शकतो.

यादी ही सातबाऱ्यासारखी जिवंत नोंद आहे. ती वेळोवेळी अद्ययावत झाली पाहिजे. शाळेने वर्षारंभी, ग्रामपंचायतीने घरपट्टी स्वीकारताना, आरोग्य उपकेंद्राने नोंदणीच्या वेळी क्रमांक पुन्हा विचारून घ्यावा. क्रमांक कोणाचा, हेही लिहावे : स्वतःचा, पतीचा, मुलाचा की शेजाऱ्याचा. कुटुंबात एकच भ्रमणध्वनी असेल तर तो दिवसभर कोणाच्या खिशात असतो, यावर कोणता मजकूर पाठवावा आणि कोणता पाठवू नये हे ठरते. क्षयाच्या औषधाचा किंवा गर्भारपणाचा उल्लेख असलेला संदेश भलत्याच्या नजरेस पडला तर त्या व्यक्तीला त्याचा त्रास होतो. अशा वेळी 'उपकेंद्रात भेटावे' एवढे दोन शब्द पुरतात.

यादी ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी वापरावी, हा तर साधा सचोटीचा नियम आहे. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने नागरिकाच्या माहितीविषयीच्या या जबाबदारीला कायद्याचे रूप दिले. पालकांचे क्रमांक शाळेने शिकवणीवर्गाला देणे किंवा लाभार्थ्यांची यादी निवडणुकीच्या प्रचारासाठी उमेदवाराच्या हाती पडू देणे, हा विश्वासभंग होय.

नियमांची चौकट

घाऊक संदेशांचा उपद्रव वाढल्यावर भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे ट्रायने वेळोवेळी निर्बंध घातले. सध्याच्या व्यवस्थेचा पाया १९ जुलै २०१८ च्या विनियमांत आहे. त्यानुसार घाऊक संदेश पाठविणाऱ्या संस्थेला आपली नोंदणी, संदेशावर दिसणारे आपले प्रेषकनाम आणि संदेशाचा साचा या तिन्हींची नोंद दूरसंचार कंपन्यांच्या सामाईक संगणकीय नोंदवहीत करावी लागते. संदेश सुटताना तो नोंदलेल्या साच्याशी ताडून पाहिला जातो. न जुळल्यास अडविला जातो. ८ मार्च २०२१ रोजी ही पडताळणी काटेकोरपणे सुरू होताच देशभर अनेक बँकांचे व सेवांचे संदेश अडकले, कारण त्यांचे साचे नोंदलेलेच नव्हते. शेवटी पडताळणी काही दिवस स्थगित ठेवावी लागली. पूर्वतयारीवाचून आयत्या वेळी संदेश पाठवू म्हणणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने त्यापासून धडा घ्यावा. पावसाळ्यात लागणारा साचा उन्हाळ्यातच नोंदवून ठेवलेला बरा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वनोंद नसलेले दुवे असलेले संदेशही अडविले जाऊ लागले. २०२५ च्या सुधारणेने प्रेषकनामाच्या शेवटी ओळखीचे अक्षर जोडण्याची तरतूद केली : जाहिरातीसाठी पी, सेवेसाठी एस, व्यवहारासाठी टी आणि शासकीय संदेशासाठी जी. हे शेवटचे अक्षर ओळखण्यास ग्रामसभेत व शाळेत लोकांना शिकविले पाहिजे. शासनाच्या नावाने फसवे संदेश पाठवून लोकांची खाती रिकामी करणाऱ्यांचा सुळसुळाट असताना खऱ्या संदेशाची ओळख पटविणे हा संदेश पाठविण्याचाच एक भाग झाला आहे. खऱ्या शासकीय संदेशात परवलीचा अंक कधी विचारला जात नाही, हे वाक्यही वारंवार सांगितले पाहिजे.

एखाद्या कर्मचाऱ्याच्या खाजगी सिमकार्डावरून शेकडो संदेश सोडण्याची युक्ती सोपी वाटते. परंतु नोंदणीविना चालणाऱ्या घाऊक प्रेषकांत गणना होऊन तो क्रमांक बंद पडण्याचा धोका त्यात असतो. शिवाय अनोळखी दहा अंकी क्रमांकावरून आलेल्या मजकुरावर लोकांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न उरतोच.

तीन ठिकाणचे अनुभव

यादी आणि नियम सांभाळून पाठविलेल्या संदेशांनी काम होते काय, याचे उत्तर प्रत्यक्ष प्रयोगांतून मिळू शकते. त्यांतील दोन आफ्रिकेतील आहेत, तिसरा महाराष्ट्रातीलच आहे.

मलावी हा आफ्रिकेतील शेतीप्रधान देश. तेथील नामिटेटे गावाच्या सेंट गॅब्रिएल रुग्णालयावर सुमारे अडीच लाख लोकवस्तीचा भार होता, आणि गावोगावचे स्वयंसेवक बातमी घेऊन पायी येत. केन बँक्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली 'फ्रंटलाइन एसएमएस' ही संगणक-प्रणाली तेथे वापरण्यात आली. ती साध्या संगणकावर चालत असे आणि जोडलेल्या भ्रमणध्वनीतून इंटरनेटविना संदेश पाठवीत व स्वीकारीत असे. पंचाहत्तर स्वयंसेवकांना भ्रमणध्वनी देण्यात आले. कोणता रुग्ण औषध घेत नाही, कोणाची प्रकृती ढासळली, हे ते रुग्णालयाला कळवू लागले आणि रुग्णालय त्यांना सूचना देऊ लागले. सहा महिन्यांत रुग्णालयाचे इंधनापोटी सुमारे ३,००० डॉलर वाचले व क्षयोपचाराच्या कार्यक्रमाची क्षमता १०० रुग्णांवरून २०० वर गेली. येथे संदेश दोन्ही दिशांनी वाहत होते, हे विशेष.

दुसरा अनुभव केनियातील. एचआयव्हीची औषधे घेणाऱ्या ५३८ रुग्णांवर झालेल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना दवाखान्यातून आठवड्यातून एकदा एकाच शब्दाचा संदेश जाई. स्वाहिली भाषेतील त्या शब्दाचा अर्थ 'कसे काय?' असा होतो. रुग्णाने ४८ तासांत 'ठीक' किंवा 'अडचण' असे उत्तर द्यावयाचे. जो अडचण कळवी किंवा उत्तरच देत नसे, त्याला परिचारिका दूरध्वनी करी. संदेश मिळालेल्या २७३ रुग्णांपैकी १६८ जणांनी म्हणजे ६२ टक्क्यांनी औषधे नियमित घेतली. संदेश न मिळालेल्या २६५ जणांत हे प्रमाण १३२ म्हणजे ५० टक्के होते. त्या संदेशात औषधाचे नावही नव्हते, उपदेशही नव्हता. आपली विचारपूस करणारे कोणी आहे आणि 'अडचण' म्हटल्यास दूरध्वनी वाजणार आहे, एवढी खात्री त्यातून रुग्णाला मिळत होती.

तिसरा अनुभव घरचा आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना बाजारभाव, हवामान आणि पिकांविषयीची माहिती भ्रमणध्वनीवर पुरविणारी एक सशुल्क सेवा २००७ मध्ये सुरू झाली. तिचा शेतकऱ्यांना किती लाभ होतो, हे मार्सेल फाफशाँ व बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्यातील १०० गावांत शास्त्रशुद्ध पद्धतीने तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. माल कोठे विकावा व त्याची प्रतवारी कशी करावी यांवर थोडा परिणाम आढळला. परंतु शेतकऱ्याला मिळालेल्या भावात, अवकाळी पावसाने होणाऱ्या नुकसानीत किंवा लागवडीच्या पद्धतीत सरासरीने नोंद घ्यावी असा फरक दिसला नाही.

हा निष्कर्ष वाचून निराश होण्याचे कारण नाही. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दूरच्या बाजारातील भाव कळणे आणि माल तेथवर नेता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहन, साठवणुकीची जागा, उचल घेतलेल्या व्यापाऱ्याचे बंधन, हे प्रश्न संदेशाने सुटत नाहीत. संदेशामागे उभी असलेली सेवा जेवढी खरी, तेवढाच संदेश खरा. लसीचा दिवस कळविला आणि त्या दिवशी लसच आली नाही, तर पुढच्या दहा संदेशांवरील विश्वास त्या एका दिवसात उडतो.

केंद्र शासनाने शेतकऱ्यांसाठी १६ जुलै २०१३ रोजी किसान एसएमएस पोर्टल सुरू केले. पीक व तालुका यांनुसार निवडून संदेश पाठविण्याची व्यवस्था त्यात करण्यात आली. आणि शंका विचारण्यासाठी किसान कॉल सेंटरचा निःशुल्क दूरध्वनी २००४ पासूनच उपलब्ध होता. संदेशाला प्रश्नोत्तराची जोड मिळाली म्हणजे शेतकऱ्याला तो आपल्यासाठीच आहे असे वाटू लागते.

ज्यांच्यापर्यंत संदेश जात नाही

येथे एका आकडेवारीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा भ्रमणध्वनी होता. आणि अशा स्त्रियांपैकी ७१ टक्के लघुसंदेश वाचू शकत होत्या. दोन्ही आकडे एकत्र मांडले तर १०० स्त्रियांपैकी सुमारे ३८ जणींनाच आपल्या हातातील भ्रमणध्वनीवर संदेश वाचता येत होता. मातांसाठीचा कार्यक्रम केवळ लघुसंदेशावर सोपविला असता तर उरलेल्या ६२ जणी त्याच्या बाहेर राहिल्या असत्या. आणि ज्यांना तो कार्यक्रम सर्वाधिक हवा, त्या बहुधा याच ६२ जणींत सापडल्या असत्या.

म्हणून लिखित संदेशाच्या जोडीला इतर मार्ग हवेत. केंद्र शासनाच्या 'किलकारी' सेवेत गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून बाळ एक वर्षाचे होईपर्यंत ७२ ध्वनिसंदेश दर आठवड्याला एक याप्रमाणे ऐकविले जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही सेवा महाराष्ट्रासाठीही सुरू करण्यात आली. पूर, वादळ अशा संकटांच्या वेळी तर यादीच नको असते. मनोऱ्याच्या पट्ट्यातील सर्व भ्रमणध्वनींवर एकदम इशारा देणाऱ्या व्यवस्थेच्या चाचण्या २०२३ मध्ये देशात ठिकठिकाणी झाल्या, तेव्हा लाखो भ्रमणध्वनी एकाच वेळी मोठ्याने वाजले. ती आधुनिक काळाची खरीखुरी दवंडी होय. इशाऱ्यासाठी तीच योग्य.

आणि सर्वांत जुना मार्ग आजही उपयोगी आहे. संगणक ज्या क्रमांकांची पोच आली नाही त्यांची यादी देतो. ती यादी त्याच दिवशी आशा कार्यकर्तीच्या, अंगणवाडी सेविकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हाती द्यावी. हजार घरे फिरण्याऐवजी त्यांना ऐंशी घरे फिरावी लागतील. संगणकाने माणसाचे पाय वाचवावेत ते याच रीतीने. त्यामुळे जेथे माणूसच जावयास हवा, तेथे जाण्यास त्याला सवड मिळते.

उलट निरोपाची नोंद

कार्यालयांच्या मासिक अहवालात 'पाठविलेले संदेश' असा एक रकाना असतो. त्यातील आकडा दर महिन्याला फुगत जातो आणि काम झाल्याचे समाधान देतो. त्या रकान्याशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : पोच किती आली, उत्तरे किती आली, आणि संदेशात सांगितलेले काम किती जणांनी पूर्ण केले. पाणीपट्टीचे ५०० संदेश गेले. त्यानंतरच्या पंधरवड्यात किती जणांनी पैसे भरले? पालकसभेचे १२० संदेश गेले. सभेला किती आले आणि न आलेल्यांपैकी किती जणांना संदेशच मिळाला नव्हता? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास नवीन यंत्र लागत नाही, खर्च लागत नाही. लागते ती नोंदवहीची शिस्त.

पहिली यादी लहान ठेवावी. एका वर्गाचे पालक, एका प्रभागातील घरे, एका उपकेंद्रातील माता, एवढ्यापासून आरंभ करावा. संदेश सोडण्यापूर्वी तो कार्यालयातील तिघांच्या क्रमांकांवर पाठवून नाव, रक्कम व दिनांक जुळतात की नाही ते पाहावे. संदेशाच्या शेवटी शंका विचारण्यासाठी एक क्रमांक द्यावा आणि तो उचलणाऱ्या कर्मचाऱ्याची नेमणूक आधी करावी. ज्या क्रमांकावर कोणी उत्तर देत नाही, तो संदेशात छापण्यापेक्षा न छापलेला बरा.

संगणकाच्या एका कळीने हजार संदेश सुटतात, ही या साधनाची शक्ती आहे. त्या हजारांतील एखाद्या मातेने फिरून विचारले की, 'मंगळवारी मी मजुरीला जाते. बुधवारी लस मिळेल का?' तर त्या एका प्रश्नाला उत्तर देण्याची तयारी असणे, ही कार्यालयाची कसोटी आहे. ज्या ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा उपकेंद्रात असे प्रश्न येऊ लागतील, तेथे संदेश खऱ्या अर्थाने पोहोचू लागले असे समजावे.